भीमेचे मासे, लंडनचा कागद

(बारामती येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते चित्रकला शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. पण त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे की ते मुलांना वर्गाबाहेर कऱ्हेच्या पात्रात घेऊन जात आणि एकच सांगत: समोर आहे ते काढा, मनातले काढू नका. आजच्या विषयाला याहून चांगला पाया मला सापडला नसता. मी बोलणार आहे ते एकोणिसाव्या शतकात कागदावर छापल्या गेलेल्या माशांविषयी, आणि त्यांतही आपल्या भीमा, नीरा, घोड, मुळा-मुठेच्या माशांविषयी.

सुरुवात एका जखमेपासून करतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात मी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’चा दुसरा खंड मागवला. साल १८४१. त्यात कर्नल विल्यम हेन्री साइक्सचा दख्खनच्या माशांवरचा लेख आहे, पान ३४९ ते ३७८, आणि सोबत साठ ते सदुसष्ट क्रमांकांचे आठ चित्रफलक. लेख होता, फलक नव्हते. प्रत्येक ठिकाणी शिवणीलगत बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. कोणीतरी धारदार पात्याने, सावकाश, सरळ रेषेत चित्रे कापून नेली होती. अशी चित्रे चौकटीत बसवून विकली जातात, दिवाणखान्यात शोभेला लागतात. मी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसून राहिलो. पुढे दुसऱ्या प्रतीत ते फलक पाहायला मिळाले. पण त्या दिवशी काय चोरीला गेले होते, हे नीट समजायला मला अनेक वर्षे लागली.

शोभेची आठ पाने गेली, एवढ्यावर हे भागत नाही. त्या पानांवर भीमा खोऱ्यातल्या माशांचा पुरावा होता, आणि त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत लेखाच्या मजकुराखेरीज दुसरा पुरावा उरलेला नाही.

साइक्स कोण होता? १७९० सालचा जन्म. पोरवयातच कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. खडकीच्या लढाईत, म्हणजे ज्या युद्धाने पेशवाई संपली त्या युद्धातल्या लढाईत, तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला दख्खनचा सांख्यिकी अहवाल तयार करायला नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड या जिल्ह्यांतली लोकसंख्या, पिके, वतने, पाऊस, हवेचा दाब, सगळे त्याने मोजायचे होते. १८२९ साली हे पदच रद्द झाले. तरी हातातले काम पुरे करण्यासाठी तो १८३१ पर्यंत इथे राहिला. या सात वर्षांत त्याने दख्खनचे प्राणी, पक्षी आणि मासे जमवले. पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये आली. माशांचा नंबर शेवटी लागला. त्यांचा गोषवारा १८३९ मध्ये छापला गेला आणि चित्रांसह पूर्ण लेख १८४१ मध्ये. म्हणून आज शास्त्रीय नावांपुढे तुम्हाला ‘साइक्स, १८३९’ असे दिसते. नाव आधी जगापुढे आले, चेहरा दोन वर्षांनी.

माशांच्या ४६ जाती त्याने नोंदवल्या. त्यांतल्या बऱ्याच शास्त्राला नव्या होत्या. आपल्या नद्यांना अर्थातच नव्या नव्हत्या.

हा काळ आपल्या भागाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि ते मुद्दाम सांगतो, कारण सभेत इंदापूरची मंडळी आहेत. साइक्स नद्या पाहत हिंडत होता त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल हा कंपनीचा अधिकारी शेतजमिनीची मोजणी करत होता. त्याची आकारणी रयतेला पेलली नाही, गावे उजाड होऊ लागली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नवी पद्धत बसवली आणि १८३६ मध्ये ती पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूर तालुक्यात. मुंबई इलाख्याच्या तीस साला बंदोबस्ताची सुरुवात इथली आहे. शंकू-साखळी इथल्या बांधांवरून फिरली, शेताला नंबर मिळाला, खातेदाराचे नाव लागले. आज सातबारा हातात घेताना आपण त्याच मोजणीचा वारसा हातात घेतो.

नदीला मात्र सातबारा नसतो. तिच्यात कोण राहतो, किती राहतो, कोणत्या डोहात राहतो, याची नोंद कोणत्या तलाठ्याकडे असते? भीमा खोऱ्यापुरती ती पहिली नोंद म्हणजे साइक्सचा हा लेख आणि ते आठ फलक. सांख्यिकीसाठी नेमलेल्या माणसाने ती केली हा मला योगायोग वाटत नाही. त्याला मोजायची सवय होती. माशाच्या परातले काटे, अंगावरचे खवले, लांबी, सगळे तो मोजून लिहितो.

आता हे मासे कागदावर कसे आले ते पाहू. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण गुरुजींच्या नावाने भरलेल्या सभेत हाताच्या कामाविषयी घाईने बोलणे बरे दिसणार नाही.

मासा काढणे अवघड, कारण तो फसवतो. पाण्याबाहेर आला की त्याचा रंग उतरू लागतो. कल्ल्यावरची सोनेरी झाक, पराच्या टोकाची लाली, पोटाची चांदी, चित्रकार रंग कालवेपर्यंत निम्मे गेलेले असते. दारूत बुडवून ठेवला तर आकार टिकतो, रंग साफ जातो. म्हणून चांगले चित्र नदीकाठीच सुरू व्हावे लागते. गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनकडे, ज्याला आपण बुखानन म्हणूनही ओळखतो, हलुदार नावाचा बंगाली चित्रकार अनेक वर्षे होता. हॅमिल्टनचे पुस्तक १८२२ मध्ये एडिंबरोला निघाले, ३९ कोरीव फलकांसह. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या शास्त्रीय चित्रणाचा पाया तिथे घातला गेला.

तांब्याच्या पत्र्यावर मासा कोरायचा म्हणजे काय? पत्रा घासून आरशासारखा करायचा. मूळ चित्र त्यावर उलटे उतरवायचे, कारण छाप पडताना डावे उजवे होते. मग पोलादी कोरणी हातात धरून रेघ ढकलत न्यायची. रेघ वळवायची असली की कारागीर हात वळवत नाही. वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्रा तो हळूहळू फिरवतो. पाठीचा गडद रंग दाखवायचा तर रेघा दाट, पोट पांढरे दाखवायचे तर रेघा विरळ. काळी शाई खाचांत भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा छापयंत्राच्या रुळाखालून काढायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. अशा छापावरून बोट फिरवले तर रेघ हाताला लागते.

माशाचे तोंड चित्रात बहुधा डावीकडे असते, हे तुमच्या लक्षात आले असेल. ती सगळ्यांनी पाळलेली रीत आहे. त्यामुळे दोन देशांतले, दोन चित्रकारांचे मासे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. आणि कोरणाऱ्याने मासा कधी पाहिलेला नसतो. त्याच्या पुढ्यात असतो फक्त कागद. त्याने सहज, देखणे दिसावे म्हणून, अंगावरच्या मधल्या रेषेवर खवल्यांची एक रांग जास्त काढली, तर शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक ते खवले मोजतो आणि ही वेगळी जात असे ठरवतो. इतकी जबाबदारी त्या रेघेवर असते. समोर आहे ते काढा, मनातले काढू नका, हे गुरुजींचे वाक्य त्या कोरणाऱ्याच्या भिंतीवर लावण्यासारखे होते.

पुढे पोलादी पत्रे आले, लाकडावरची कोरणी आली, आणि बव्हेरियाच्या चुनखडीवरचा शिळाछाप आला. शिळाछापात रेघेची जागा खडूच्या मऊ छटेने घेतली. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळेवर पंचांग छापले, तेही हेच तंत्र. आणि तांब्याचे काम तर पुण्याला परके नव्हते. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या काळात पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला, ते चित्र आजही आहे. नाना फडणीसांनी तांबटाकडून गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेण्याचा घाट घातला होता आणि ते काम पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तडीस गेले. म्हणजे मासा पाहणारा डोळा, तो काढणारा हात आणि पत्रा कोरणारी कोरणी, तिन्ही इथे होती. भीमेचा मासा तरीही लंडनलाच छापला गेला. याची खंत मला वाटते आणि ती मी लपवत नाही.

अशा फलकावर मासा कोऱ्या कागदावर असतो. खाली पाणी नाही, वाळू नाही, जाळे नाही. तो कोणी धरला, कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, पाणी गढूळ होते की नितळ, यातले चित्रात काही उरत नाही. नदी पुसली जाते आणि धरणारा हातही पुसला जातो.

तो हात मात्र एका ठिकाणी राहून गेला. नावात.

साइक्सने माशांना दोन तऱ्हेची नावे दिली. एक तऱ्हा लंडनच्या मित्रांची. विल्यम यॅरेल हा तिथला वर्तमानपत्रविक्रेता आणि मत्स्यतज्ज्ञ. ब्रिटिश माशांवरचा त्याचा लाकडी कोरीव चित्रांनी भरलेला ग्रंथ १८३६ चा. त्याचे नाव साइक्सने मुळा-मुठेतल्या एका प्रचंड, माणसाएवढ्या वाढणाऱ्या माशाला दिले: बॅगॅरियस यॅरेली. सोसायटीचे चिटणीस ओगिल्बी आणि व्हिगर्स यांच्या नावाचे दोन मासे आहेत, आणि या दोघांचे ठिकाण त्याने लिहिले आहे ते भीमा नदी, पैरगाव. ब्रिटिश म्युझियमच्या चिल्ड्रन आडनावाच्या गृहस्थाचे नाव एका माशाला आहे. ज्याने साइक्सला नेमले त्या एल्फिन्स्टनचे नाव त्याने ईलला, म्हणजे वामेसारख्या दिसणाऱ्या लांब माशाला दिले.

दुसरी तऱ्हा आपली. मुल्या, नुक्ता, सींगटी, गोगरा, कुटुर्णी, कोलस, खुद्री, पोटेल, बोगट, फुलुंगी, कावरस, सांडखोल, अळकुटी. ही लॅटिन नव्हेत. ही काठावर उभे राहून, हातातला मासा दाखवत कोणीतरी उच्चारलेली मराठी नावे आहेत. इंग्रजी कानाने ती ऐकली, इंग्रजी अक्षरांत लिहिली, आणि लॅटिन व्याकरणाच्या रांगेत बसवली. आज जपानमधला किंवा ब्राझीलमधला अभ्यासक या माशावर लिहितो तेव्हा नकळत भीमाकाठच्या भोयाचा शब्द लिहितो.

ही नावे परत मराठीत वाचायची म्हणजे साइक्सच्या कानाची सवय ओळखायला हवी. त्याची गावांची नावे त्यासाठी उपयोगी पडतात. घोड नदीला तो ‘गोरे’ लिहितो, शिरूरला ‘सेरूर’, मुळा-मुठेला ‘मोटा मोला’. म्हणजे आपला ‘ड’ त्याला ‘र’ ऐकू येई, ‘ठ’ हा ‘ट’ होई, ‘घ’ हा ‘ग’ होई. या हिशेबाने ‘पैरगाव’ म्हणजे पेडगाव: श्रीगोंदे तालुक्यातले, दौंडहून फार लांब नसलेले, बहादूरगडाचे पेडगाव. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण आपल्याकडे आहे. हा माणूस मात्र उघड्या डोळ्यांनी, शिक्षण घ्यायला गेल्यासारखा पेडगावला गेला आणि दोन मासे जगाला दाखवून आला. तिथून वाहत आलेले पाणीच पुढे भिगवणला आणि पळसदेवला येते.

आता नावे पाहा. ‘नुक्ता’ म्हणजे माझ्या मते नकटा. हा मासा इंद्रायणीतला म्हणून साइक्सने नोंदवला. त्याच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते आणि वरचा भाग पुढे आलेला, जणू नाक कापून पुन्हा चिकटवले आहे. पुढे हा मासा ज्या प्रजातीत घातला गेला तिला ब्लीकर या डच शास्त्रज्ञाने ग्रीक नाव दिलेले होते: शिस्मॅटोऱ्हिंकस, म्हणजे चिरलेल्या नाकाडाचा. बघा, हॉलंडच्या पंडिताने ग्रीक कोश उघडून जे म्हटले, ते आपल्या माणसाने काठावर उभे राहून एका शब्दात म्हटलेले होते. आज त्या माशाचे पूर्ण नाव घ्यायचे तर ग्रीक आणि मराठी दोन्ही उच्चारावे लागतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच निघतो.

‘मुल्या’ म्हणजे मळ्या. ओढ्यातल्या दगडाला खालच्या ओठाच्या चकतीने चिकटून राहणारा, शेवाळाचा मळ खरवडणारा. ज्यांनी लहानपणी पावसाळी ओढ्यात दगड उलटले आहेत त्यांनी तो पाहिला आहे. ‘सींगटी’ ही शिंगटी. परातला काटा बोटात घुसला की नाव का पडले ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘गोगरा’ हा मी घोगरा असा वाचतो. हे मासे पाण्याबाहेर काढले की काट्याच्या सांध्यातून करकर आवाज काढतात. आवाजावरून माशाचे नाव ठेवणारा माणूस तो मासा हातात धरून ऐकत उभा राहिला असला पाहिजे. ‘कुटुर्णी’ कातरणी असेल का? ‘कोलस’ हा कोळशी तर उघड दिसतो. काही नावे मला उलगडत नाहीत, आणि इथे बसलेल्यांपैकी एखाद्या आजोबांना ती चटकन ओळखू येतील.

साइक्सला या बाबतीत श्रेय द्यायलाच हवे. रानकुत्र्याला त्याने ‘कोळसून’ हे मराठी नाव विचारून लिहिले, रेशमाच्या किड्याचे ‘कोलिसरा’ लिहिले. तो विचारत असे. विचारलेले जसे ऐकू आले तसे टिपत असे. पण ज्याला विचारले त्याचे नाव त्याने कुठे लिहिले नाही. यॅरेल, ओगिल्बी, एल्फिन्स्टन सगळे त्या यादीत आहेत. पेडगावला कंबरभर पाण्यात उभा राहून जाळे टाकणारा, सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून मध्यधारेत जाणारा भोई त्या यादीत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. नदीच्या या सातबाऱ्यावर त्या भोयाचा हक्क तेवढ्या रकान्यातसुद्धा लागलेला नाही. त्याचा शब्द मात्र लागला आहे, आणि तो कोणालाही खोडता येणार नाही, कारण प्राणिनामांच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते.

आता त्या कापलेल्या पानांकडे परत येतो. एखाद्या जातीला नाव दिले की ज्या नमुन्यावरून दिले तो नमुना संग्रहालयात जपतात. वाद झाला तर बरणी उघडून तो पाहतात. साइक्सच्या बहुतेक माशांचे असे नमुने आज उपलब्ध नाहीत. उरले आहेत ते दोन साक्षीदार: त्याचा मजकूर आणि ते फलक. म्हणून मी त्या पट्ट्यांना जखम म्हणालो.

एक खटला सांगतो. साइक्सने घोड नदीतून, शिरूरजवळून, ‘बार्बस मुसुल्ला’ नावाचा मासा नोंदवला. पुढे कित्येक दशके हे नाव पाठीला कुबड असलेल्या मोठ्या महाशीराला लावले जात होते. तो मासा दक्षिणेत कावेरीत प्रसिद्ध, शिकाऱ्यांच्या आवडीचा. २०१३ मध्ये काही भारतीय अभ्यासकांनी साइक्सने मागे ठेवलेला तपशील पुन्हा बारकाईने तपासला आणि दाखवून दिले की घोड नदीतला तो मासा महाशीर नव्हताच, तो दुसऱ्याच प्रजातीतला. कावेरीचा कुबड्या महाशीर त्यामुळे बिननावाचा झाला. २०१८ मध्ये त्याला दुसरे नाव निश्चित झाले, टॉर रेमादेवी. कावेरीतल्या, नाहीसा होत चाललेल्या माशाला वाचवण्याचा कागद पुढे सरकायचा तर आधी शिरूरच्या माशाचा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचावा लागला. जुनी चित्रे म्हणजे हौस असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण आठवावे.

साइक्सनंतर फ्रान्सिस डे आला. ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १८७५ ते १८७८ मध्ये निघाला, जवळजवळ दोनशे शिळाछाप फलकांसह.  आजही प्रयोगशाळेत मासा ओळखताना डेचे पान उघडतात. विसाव्या शतकात ॲनंडेलने सातारा-पुणे भागातल्या माशांवर १९१९ मध्ये लिहिले, फ्रेझरने पुण्याच्या माशांवर १९४२ मध्ये. या सगळ्यांवर वेगळे व्याख्यान होईल. मला आज उजनीवर यायचे आहे.

१९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी अडले आणि भीमेचा वाहता पट्टा इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत तालुक्यांत पसरलेला जलाशय झाला. गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, उन्हाळ्यात पाणी उतरले की शिखर दिसते आणि माणसे दर्शनाला धावतात. माशांच्या बाबतीत असे शिखर वर येत नाही. वाहत्या, खडकाळ पाण्याचा मासा साचलेल्या पाण्यात राहू शकत नाही, आणि तो गेल्याचे कळायलाही वेळ लागतो.

भिगवणच्या बाजारात सकाळी जा. काट्यावर काय येते? कटला, रोहू, मृगळ आणि ढिगाने चिलापी. चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेचा. १९५२ मध्ये भारतात आणला. कटला, रोहू, मृगळ ही तिन्ही शास्त्रीय नावे हॅमिल्टनने १८२२ च्या त्या पुस्तकात दिलेली, गंगेकाठच्या कोळ्यांच्या तोंडची. म्हणजे गंगेचे मासे, गंगेची नावे घेऊन आमच्या भीमेत आले आणि आज हजारो घरांची चूल त्यांच्यावर पेटते. मी त्यांच्याविरुद्ध बोलायला उभा नाही. पण ज्या पाण्यात रोहू हा शब्द सगळ्यांना येतो, त्याच पाण्यात नकटा, सांडखोल, फुलुंगी हे शब्द कोणाला येतात? साइक्सचा नकटा आणि चिल्ड्रनच्या नावाचा मासा आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. एल्फिन्स्टनच्या नावाची ईल समुद्रात जन्मते, पोरवयात कृष्णेतून भीमेत चढून येते आणि म्हातारपणी अंडी घालायला परत समुद्रात जाते. तिच्या वाटेवर आता नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि उजनी उभी आहेत.

मासा गेला की नाव वापरात राहत नाही. नाव गेले की मासा गेल्याचे सांगणाराही उरत नाही. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसली जातात तेव्हा त्या ढिगात काय काय होते, हे वेगवेगळ्या नावांनी ओळखणारी नजर साठी-सत्तरीच्या माणसांकडे आहे. ती मंडळी आज काठावर आहेत. दहा वर्षांनी असतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

म्हणून मागणे मागतो. या सभागृहात चित्रकलेचे शिक्षक आहेत, महाविद्यालयातली मुले आहेत, मच्छीमार संस्थांचे सभासद आहेत. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, आणि खाली नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर, एवढ्या ठिकाणी एक एक वही ठेवूया. जाळ्यात आलेला मासा डावीकडे तोंड करून, आहे तसा काढायचा. खवले मोजायचे, परांचे काटे मोजायचे, लांबी लिहायची. तारीख, डोह किंवा घाट, पाण्याची स्थिती लिहायची. मग जाळेवाल्याला नाव विचारायचे आणि तो जसे म्हणेल तसे देवनागरीत लिहायचे, शुद्धलेखन न करता. आणि त्याच्या खाली, साइक्सने जे केले नाही ते करायचे: परवानगी घेऊन, सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहायचे.

पहिली वही मी आणली आहे, ती व्यासपीठावर ठेवतो. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी भिगवणच्या मासळी बाजारात असेन. पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन या, आणि घरात कोणी जुने जाळेवाले आजोबा असतील तर त्यांना हात धरून बरोबर आणा.